येझदी पेटते पण टिकत नाही: पिस्टनला हात लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोलीच्या घरी वडिलांची 1984 सालची येझदी 250 ही टू-स्ट्रोक मोटारसायकल, जुनी क्लासिक, रोडकिंग हे दुसरं मॉडेल नव्हे, पडवीत ताडपत्रीखाली कित्येक पावसाळे उभी होती. आता मुलाने ती बाहेर काढली, टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाकलं, 6 व्होल्टची नवी बॅटरी बसवली. प्लगला ठिणगी येते. प्लगच्या भोकातून थोडं पेट्रोल सोडलं की दोन-तीन किकमध्ये पेटते आणि लगेच विझते. चोक ओढून धरला तर चालते, चोक सोडला की रेस आपोआप वर चढते, खाली यायला मागत नाही, मग बंद. गावातला मेकॅनिक म्हणतो, कॉम्प्रेशन गेलंय, बोअर मारून (सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करून) नवा पिस्टन टाकू. टाकायचा का?

आत्ताच नको. कदाचित शेवटी टाकावा लागेलही, पण तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत ती पिस्टनची नाहीत. पिस्टन-रिंग इतकी गेलेली असती तर प्लगच्या भोकातून पेट्रोल सोडूनही ती दोन-तीन किकमध्ये पेटली नसती. पेटते याचा अर्थ ठिणगी आहे आणि वरचं कॉम्प्रेशन कामापुरतं आहे. चोकवर चालते याचा अर्थ तिला पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा जास्त मिळतेय. रेस आपोआप चढते आणि वरच अडकते, हे तिसरं लक्षण सगळ्यात बोलकं आहे. नुसता पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल देणारं बारीक छिद्र) तुंबलेला असता तर गाडी गुपचूप विझली असती, चढली नसती. चढते म्हणजे कार्बोरेटरच्या मागून कुठूनतरी तिला फुकटची हवा मिळतेय.

टू-स्ट्रोकमध्ये ही फुकटची हवा कुठून येते ते समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे ऑइलचं भांडं, तिथे थोडी गळती असली तर फरशीवर डाग पडतो, एवढंच. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा लोहाराचा भाता आहे. पिस्टन वर जाताना तो कार्बोरेटरमधून मिश्रण ओढतो, खाली येताना तेच दाबून ट्रान्सफर पोर्टमधून (सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांतून) वर सिलिंडरमध्ये ढकलतो. भात्याला चीर असेल तर ओढताना कार्बोरेटरमधून कमी आणि चिरेतून जास्त हवा आत येते. ही चीर बहुतेक वेळा क्रँकच्या दोन टोकांना असलेल्या ऑइल सीलमध्ये असते. सीलचं रबर वर्षानुवर्षं एकाच जागी शाफ्टला टेकून कडक होतं, त्याची ओठासारखी कड दबून जाते. त्यात आपल्याकडचा पाऊस. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, बराचसा चार महिन्यांत, आणि पडवीत उभ्या गाडीच्या शाफ्टवर सीलच्या कडेलाच गंजाची बारीक रेघ उठते. ती रेघ नव्या किकांबरोबर उरलेलं रबर कापून काढते.

तुमच्या इंजिनात उजवीकडे डायनॅमो आणि पॉइंट (उघडझाप करून प्लगला ठिणगी देणारे), डावीकडे प्रायमरी चेन आणि क्लच गिअर-ऑइलमध्ये. दोन्ही बाजूंना एकेक सील, पण गेल्यावर दोघांचं वागणं वेगळं. उजवीकडचं सील गेलं तर इंजिन कोरडी हवा ओढतं. मिश्रण पातळ, रेस वर, इंजिन तापतं, आणि अशी गाडी कोणी तशीच पळवली तर पिस्टन सीझ होतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्येच अडकतो. डावीकडचं गेलं तर इंजिन गिअर-ऑइल ओढतं. मागे पांढरट-निळा दाट धूर, गाडी गरम झाली तरी कमी न होणारा, आणि गिअर-ऑइलची पातळी दर आठवड्याला खाली. हेच उलटही घडतं. खाली येणारा पिस्टन दाब देतो तेव्हा पेट्रोलचं मिश्रण सीलमधून गिअरबॉक्समध्ये जातं.

म्हणून पहिली तपासणी फुकटात होते. गिअरबॉक्सखालचा ड्रेन बोल्ट काढा, ऑइल एका उथळ पांढऱ्या थाळीत घ्या आणि वास घ्या. पेट्रोलचा वास आला, ऑइल पाण्यासारखं पातळ वाटलं, तर डावं सील संपलं, पुढे वाद नाही. ऑइल ताकासारखं पांढरं झालं असेल तर आत पाणी शिरलंय. थाळीच्या तळाशी बोट फिरवून पाहा. राखाडी गाळ चालेल, तो क्लचचा. चमकणारे कण किंवा कपचे लागले तर मात्र गिअरबॉक्स उघडावाच लागेल.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या, नाहीतर आपण सावलीशी भांडत बसू. कार्बोरेटरमधला स्लाइड (रेसबरोबर वर-खाली होणारी झडप) पूर्ण खाली बसतो ना? झाकण उघडून बोटाने दाबा. रेसची केबल आत गंजून ताठ झाली असेल किंवा हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवताना ताणली जात असेल तर रेस वर अडकण्याचं कारण तिथेच आहे. मग कार्बोरेटर खोला, जिकोव्ह कंपनीचा असो वा मिकुनीचा. फ्लोट पितळेचा असेल तर कानाजवळ हलवून पाहा, आत पेट्रोल खळखळलं तर त्याला छिद्र आहे. गरम पाण्यात बुडवला की छिद्रातून बुडबुडे येतात. जेट सुईने किंवा तारेने कोरू नका. छिद्र एकदा मोठं झालं की पुढची सगळी ट्यूनिंग खोटी. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा, वायरच्या एका मऊ तांब्याच्या धाग्याने हलकेच मोकळं करा, हवेने फुंका. बसवताना सिलिंडरच्या बाजूची गास्केट नवी घाला आणि फ्लँज (कार्बोरेटरची सिलिंडरला टेकणारी कड) काचेवर ठेवून सपाट आहे का पाहा. नट जास्त आवळून हा फ्लँज वाकलेला मी इतक्या गाड्यांत पाहिलाय की आता आधी तोच तपासतो.

एवढं करूनही रेस चढत असेल तर प्रेशर टेस्ट. बहुतेक गॅरेजांत ही करत नाहीत, कारण इंजिन फोडून बोअर मारणं त्यांना सवयीचं आहे. पण तुम्हाला ही घरी करता येईल आणि यासाठी लागणारं यंत्र औषधाच्या दुकानात मिळतं. डॉक्टर ब्लडप्रेशर मोजतात ते घड्याळ आणि रबरी फुगा. ते 300 मिलिमीटरपर्यंत दाखवतं, आणि 300 मिलिमीटर पारा म्हणजे सहा पीएसआयला जरा कमी. टू-स्ट्रोकच्या सीलना तपासायला बरोब्बर इतकाच दाब हवा. जास्त दिलात तर चांगली सीलंही उलटतील. म्हणून टायरची हवा मारायचा कॉम्प्रेसर लावायचा विचारही करू नका.

जुन्या प्लगचं चिनीमातीचं पोट फोडून काढा, उरलेल्या लोखंडी खोलात वेल्डिंगवाल्याकडून छोटी नळी ब्रेझ करून घ्या. हा तुमचा जोड. दोन्ही सायलेन्सर सोडवा, दोन्ही एक्झॉस्ट तोंडांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि लोखंडी पट्टी लावून घट्ट आवळा. कार्बोरेटर काढून त्या जागीही तसंच रबर. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहून वरचं सिलिंडर आणि खालची क्रँककेस एक होतील. आता प्लगच्या जागी जोड बसवून फुगा दाबा, काटा 250-300 च्या मध्ये आणा आणि थांबा. मिनिटाभरात काटा 50 पेक्षा कमी खाली आला तर भाता शाबूत आहे. तुमच्या गाडीचा मात्र फुगा दाबतानाच सुस्कारा ऐकू येईल असं मला वाटतं.

सुस्कारा कुठून येतो ते साबणाचा फेस सांगतो. आधी आपलीच रबरं आणि जोड तपासा, निम्म्या गळत्या तिथेच असतात. मग सिलिंडरच्या पायाची गास्केट, हेड, दोन क्रँककेस जिथे जुळतात ती मधली रेघ. उजवीकडचं कव्हर आणि डायनॅमो काढून शाफ्टभोवती ब्रशने फेस लावा. डाव्या बाजूला गिअर-ऑइल भरायचा बोल्ट काढून तिथे फेसाचा पातळ पडदा धरा, तो फुगला तर हवा सीलमधून गिअरबॉक्समध्ये जातेय. याच घड्याळाची उलटी, म्हणजे ओढण्याचीही टेस्ट असते, कारण काही सीलं दाबाला टिकतात आणि ओढीला हार खातात. तिच्यासाठी वेगळा हातपंप लागतो. दाबात काहीच सापडलं नाही तरच त्या वाटेला जा.

काहीजण चालू इंजिनाभोवती क्लीनरचा स्प्रे मारून रेस बदलते का पाहतात. सिलिंडरच्या पायाशी, थंड इंजिनावर, जपून, चालेल. डायनॅमोच्या बाजूला कधीही नाही. तिथे पॉइंट उघड-झाप करताना ठिणग्या उडवत असतात आणि तुम्ही त्यावर पेट्रोलसारखाच पेटणारा फवारा सोडताय.

टेस्ट करेपर्यंत गाडी पुन्हा रेस चढवत पेटवू नका. चुकून चढलीच तर नुसती चावी फिरवून भागत नाही, कारण तापलेलं इंजिन ठिणगीशिवायही काही वेळ पेटत राहू शकतं. ब्रेक घट्ट दाबा, चौथा गिअर टाका, क्लच सोडा. इंजिन दबून बंद पडेल. पेट्रोलची तोटी बंद करून वाट पाहणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण शेवटचे थेंब संपत येतात तेव्हा मिश्रण सर्वात पातळ असतं आणि पिस्टन नेमका तेव्हाच घासतो.

सील बदलायला इंजिनाचे दोन भाग करावे लागतील का, हे तुमचा मेकॅनिक विचारेल. या जुन्या इंजिनात सहसा नाही. उजवीकडे डायनॅमो आणि डावीकडे प्रायमरीचं स्प्रॉकेट पुलरने काढून बाहेरून काम होतं. पुलर मागून आणा, पण हातोडी आणि छिन्नी चालू देऊ नका, त्या ठोक्याने क्रँक वाकतो. नवं सील बसवण्याआधी शाफ्टवर ती गंजाची रेघ नखाला लागते का पाहा. हलकी असेल तर बारीक एमरी पेपर ऑइलमध्ये भिजवून गोल फिरवा, शाफ्टच्या लांबीत नाही. खोल असेल तर सील अर्धा-एक मिलिमीटर आत-बाहेर बसवून नव्या जागी टेकवता येतं. सील घेताना जुनं सोबत न्या, त्यावरचे तीन आकडे वाचा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. 1996 मध्ये म्हैसूरची आयडियल जावा बंद पडल्यापासून या गाड्यांचे बरेचसे पार्ट बाहेर बनवलेले मिळतात. सीलांच्या बाबतीत ते वाईट नाही, चांगल्या कंपनीचं त्या मापाचं सील बेअरिंगच्या दुकानातही मिळतं. आणि दुकानदार नव्या येझदीचे पार्ट दाखवू लागला तर हसून सोडून द्या. 2022 मध्ये आलेली येझदी फोर-स्ट्रोक आहे, दोघींचं नातं नावापुरतं.

आता ज्यावर खरंच सगळं अवलंबून आहे ती गोष्ट. बेअरिंग. डायनॅमो काढलेला असताना शाफ्टचं टोक चिमटीत धरून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर नवं सील घालूनही ते महिन्याभरात जाईल, कारण शाफ्टच जागेवर थांबत नाही. मग पिस्टन वरून थोडा खाली आणून क्रँक हलक्या हाताने मागे-पुढे करा. दिशा बदलताना खालून ‘टक’ असा कोरडा आवाज आला तर कनेक्टिंग रॉडचं मोठं टोक गेलंय. रॉड आडवा थोडा सरकतो, ते चालतं. उभा खेळ अजिबात नको. वर्षानुवर्षं दमट हवेत उभ्या गाडीत क्रँककेसच्या तळाशी पाणी साचतं आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर नेमकं एकाच जागी गंज धरतो. अशी गाडी पेटल्यावर खालून खरखर येते. तसं निघालं तर इंजिन फोडणं आलं, आणि त्या खर्चात बोअरचं कामही सोबत करून घेणं शहाणपणाचं. पण आधी बोअर आणि मग दोन महिन्यांनी पुन्हा बेअरिंगसाठी तेच इंजिन फोडणं, याला मात्र माझा विरोध आहे.

पिस्टनचा निर्णय मापाने घ्या. हेड आणि सिलिंडर काढलेच असतील तर एक रिंग काढून सिलिंडरमध्ये वरून साधारण दोन सेंटिमीटर खाली, पिस्टनने ढकलून सरळ बसवा. तिच्या तोंडातली फट फीलर गेजने मोजा. नव्या रिंगची फट पाव मिलिमीटरच्या आसपास असते. पाऊण मिलिमीटरच्या पुढे गेली तर आधी नुसत्या रिंगा बदलून पाहा. भिंतीवर उभे ओरखडे नखाला अडकत असतील, किंवा वरच्या कडेशी नखाला पायरी लागत असेल, तर बोअर. या गाडीचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 65 मिलिमीटर. तुमचा सिलिंडर अजून मूळ मापाचा असेल तर ती जपण्याची चीज आहे. प्रत्येक बोअरबरोबर पुढचा एक ओव्हरसाइज (जरा मोठ्या मापाचा पिस्टन) कायमचा खर्ची पडतो, आणि शेवटच्या ओव्हरसाइजनंतर स्लीव्ह (सिलिंडरला आतून नवं अस्तर) टाकण्यावाचून मार्ग नसतो. लेथवाल्याकडे सिलिंडर एकटा पाठवू नका, पिस्टन सोबत द्या, आणि पिस्टन मोजून बोअर मारायला सांगा.

इलेक्ट्रिकबद्दल थोडक्यात, कारण ठिणगी तुमच्याकडे आहे. पॉइंटमधली फट 0.4 मिलिमीटर, प्लगची 0.6. पॉइंटवरची काळी बुरशी कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाने पुसली तरी जाते. इंजिन चालू असताना पॉइंटमध्ये मोठ्या पिवळ्या ठिणग्या दिसल्या तर कंडेन्सर बदला.

पेट्रोलकडे मात्र नीट लक्ष द्या. आज पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल आहे. 1984 मध्ये ही गाडी बनवणाऱ्यांनी त्याचा विचार केलेला नव्हता. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जास्त झालं की पाण्यासकट तळाशी वेगळं बसतं आणि टाकीला आतून गंज चढतो. तोटीतला कॉर्क आणि जुनी रबरी नळी त्यात फुगून मऊ पडते. तोटी आणि नळी नवीच घाला, मध्ये पारदर्शक फिल्टर. टाकीतला गंज घालवायला लोक नारळाचं विनेगर सुचवतील. चालतं, पण टाकीभर चांगलं विनेगर ओतताना जीव तुटतो. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून एक रात्र ठेवलं तर तेच काम होतं. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, उन्हात पूर्ण वाळवा आणि लगेच आतून 2टी ऑइल फिरवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत नवा तांबूस गंज दिसेल. इथेनॉलमुळे मिश्रण मुळात थोडं पातळ होतं. सील नवी झाल्यावर, गाडी नीट चालू लागल्यावर प्लग पांढराफटक दिसत असेल तर मेन जेट एक आकडा मोठा घाला. सील गळतं ठेवून जेट मोठा करणं म्हणजे ताप न पाहता गोळी देणं.

सायलेन्सर परत चढवण्याआधी दोन्हींचे बाफल (आवाज दाबणाऱ्या आतल्या नळ्या) काढा. कार्बन असेलच, पण आपल्याकडच्या पडवीत कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडात मातीचं घर बांधते आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदीर कापूस भरतो. बाफल कॉस्टिक सोड्यात भिजवता येतात, हातमोजे आणि चष्मा लावून. फक्त लोखंड भिजवा. ॲल्युमिनियमचा एकही भाग त्यात पडू देऊ नका, तो विरघळतो.

एवढं झालं की लिटरला 40 मिलिलिटर चांगलं 2टी ऑइल, म्हणजे 1:25. बाटलीवर जासो एफसी किंवा एफडी (ऑइलच्या दर्जाची खूण) लिहिलेलं असू द्या. ऑइल आधी वेगळ्या डब्यात पेट्रोलबरोबर हलवून मग टाकीत घाला. उभ्या टाकीत वरून ओतलं तर ते थेट तोटीत जाऊन बसतं आणि तुम्ही पुन्हा ‘पेटत नाही’ म्हणून किक मारत बसाल. पहिले दिवस सांखळी-डिचोलीच्या सपाट रस्त्यावर, अधूनमधून रेस सोडत फिरवा. नवा बोअर झालाच असेल तर चोर्ला घाट महिनाभर विसरा. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून रेस पूर्ण बंद करून लांबपर्यंत सोडू नका. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, रेस बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि चाक इंजिनाला फिरवतच असतं.

कागदपत्रांचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण नंबर जुन्या जी-डी मालिकेतला असेल म्हणून सांगतो. आरसी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, आणि तुमची नक्कीच संपलेली असणार. 50 वर्षांपुढच्या गाड्यांसाठी 2021 पासून ‘व्हीए’ अशी वेगळी विंटेज नोंदणी आहे. तुमची गाडी त्यात अजून बसत नाही, आणि बसली तरी त्या नोंदणीवर रोज रस्त्यावर फिरवता येत नाही, त्यामुळे त्या वाटेने कोणी एजंट नेत असेल तर पैसे देऊ नका. आरसी वडिलांच्या नावावर असेल तर नूतनीकरण आणि नाव बदलणं यांचा क्रम आधी आरटीओत विचारून घ्या. पीयूसीत 2000 पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 9000 पीपीएमपर्यंत सूट आहे. चांगल्या सीलची, 1:25 वर चालणारी येझदी त्यात बसते. डावीकडून गिअर-ऑइल पिणारी बसत नाही, म्हणून पीयूसीला नेण्याआधी ती थाळीतली वासाची तपासणी करूनच जा, आणि फुग्याच्या टेस्टमध्ये काटा मिनिटाला किती उतरला तो आकडा मला कळवा. सील मागवायची की इंजिन फोडायचं, ते त्यावरून सांगतो.